लहान पक्ष्याला वेगवान गोळी कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशी स्थायिक झालेल्या सातारा-सांगलीकडच्या मंडळींच्या छंदांवर लेख आला. त्यात कॅनडातल्या ग्राऊस या कोंबडीसारख्या रानपक्ष्याच्या शिकारीवर बराच मजकूर आहे. लेख वाचनीय आहे, पण .२२ च्या (पॉइंट टू टू, म्हणजे सुमारे ०.२२ इंच व्यासाच्या नळीच्या रायफलच्या) काडतुसांचा विषय निघाला तिथे माहिती उलटीपालटी झाली. ‘पक्षी लहान आणि चपळ म्हणून .२२ मधले सर्वांत वेगवान काडतूस घ्यावे’, ‘पोकळ टोकाची गोळी केव्हाही उत्तम’ आणि ‘दीडशे मीटरनंतर .२२ ची गोळी निकामी होते’, अशी तीन विधाने त्यात आहेत. पहिली दोन चूक आहेत. तिसरे कुणाच्या तरी जिवावर बेतू शकते, म्हणून हे पत्र.

आधी इथल्यापुरते स्पष्ट करून टाकू. माण-खटाव, जत, आटपाडीच्या माळावरचा तित्तर, लावा, पखुर्डी किंवा सह्याद्रीतली रानकोंबडी मारणे हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला लहान शिकारीच्या परवान्याची सोय होती, ती १९९१ च्या दुरुस्तीने काढून टाकली. ‘शिकार’ या शब्दाच्या कायद्यातल्या व्याख्येत मारण्याबरोबर पकडणे, फासे लावणे, विष घालणे आणि यांतल्या कशाचाही प्रयत्न करणे हेही येते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साध्या गुन्ह्यालाही ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मोरासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या पक्ष्यासाठी कैद किमान ३ आणि कमाल ७ वर्षे. हवेच्या दाबावर चालणाऱ्या छऱ्याच्या बंदुकीला परवाना लागत नाही म्हणून तिने होले पाडले तर चालते, असा गावोगावच्या पोरांचा समज असतो, तो चुकीचा आहे. परवाना शस्त्राचा असतो आणि गुन्हा पक्षी मारण्याचा. तेव्हा यापुढचे शिकारीचे सगळे विवेचन जिथे तशी परवानगी आहे तिथले समजावे. तिथेही सरसकट मोकळीक नाही. अमेरिकेत होला, बदक, पाणलावा हे स्थलांतरित पक्षी रायफलने मारायला केंद्रीय नियमानेच मनाई आहे. आयडाहो, अलास्का अशा राज्यांत जंगलातले ग्राऊस .२२ ने मारता येतात, तेही हंगामात आणि ठरलेल्या संख्येत. पुष्कळ ठिकाणी लहान पक्ष्यांना फक्त बारा बोअरसारखी, एका बारात अनेक छरे उडवणारी बंदूकच चालते.

आता काडतूस. पॉइंट टू टूला रिमफायर म्हणतात, कारण तिची ठिणगी पुंगळीच्या (काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या) बुडाच्या मध्यभागी नसते, कडेच्या पोकळ घडीत असते. कारखान्यात ओले स्फोटक मिश्रण पुंगळीत टाकून ती गरगर फिरवतात, म्हणजे मिश्रण कडेत सगळीकडे सरकते. बंदुकीचा खिळा ती कड चेंबरच्या (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेच्या) काठावर चेपतो आणि बार उडतो. मिश्रण एखाद्या जागी पोहोचलेच नसेल आणि खिळा नेमका तिथे बसला, तर ‘टक्’ एवढाच आवाज येतो. मोठ्या काडतुसांपेक्षा .२२ मध्ये फुसके निघण्याचे प्रमाण जास्त, ते यामुळे. अशा वेळी नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबावे आणि मगच बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) उघडावा, कारण बार उशिराने उडू शकतो. ते काडतूस थोडे फिरवून दुसऱ्या जागी खिळा बसेल असे एकदा लावून पाहायला हरकत नाही. पुन्हा फुसके निघाले तर बाजूला ठेवावे. रिकाम्या चेंबरवर उगाच चाप ओढत बसण्याची सवय याच कारणाने वाईट: खिळा थेट चेंबरच्या काठावर आपटतो, काठाला खाच पडते आणि पुढे चांगली काडतुसेही फुसकी निघू लागतात.

आणखी एक वैशिष्ट्य निवडीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. .२२ लाँग रायफल (हे बंदुकीचे नव्हे, नेहमीच्या .२२ काडतुसाचे नाव) हिची गोळी पुंगळीइतकीच जाड असते. तिची फक्त टाच बारीक करून पुंगळीत बसवलेली असते. त्यामुळे वंगणाचे मेण गोळीच्या बाहेरच्या अंगावर, उघड्यावर राहते. माळावरची माती, खिशातला कचरा, सदऱ्याचे धागे त्या मेणाला चिकटतात आणि थेट नळीत जातात. सुटी काडतुसे खिशात टाकून फिरणाऱ्याचा नेम बिघडतो, त्याचे अर्धे कारण हे असते. उरलेले अर्धे म्हणजे किल्ल्यांच्या जुडग्यावर आपटून वाकलेल्या गोळ्या. शिसे मऊ, गोळी उघडी. काडतुसे डबीतल्या खाचांतच ठेवावीत, एवढा साधा उपाय.

लाँग रायफल हे काडतूस १८८७ चे. त्याच्या आधीचे .२२ शॉर्ट १८५७ चे. जास्त जोराचे .२२ मॅग्नम १९५९ मध्ये आले आणि .१७ एचएमआर २००२ मध्ये. दुकानातल्या फळीवर आज जी गर्दी दिसते ती बहुतेक लाँग रायफलच्याच पोटजातींची आहे. नेहमीची गोळी ४० ग्रेन, म्हणजे २.६ ग्रॅमची. ‘स्टँडर्ड व्हेलॉसिटी’ काडतुसातून ती सेकंदाला साधारण ३२५ मीटर वेगाने निघते. ‘हाय व्हेलॉसिटी’मधून ३७५ ते ३८० मीटरने. सीसीआय या अमेरिकी कंपनीच्या स्टिंगरसारख्या अतिवेगवान काडतुसात गोळी ३२ ग्रेनची करून वेग ५०० मीटरवर नेलेला असतो. दुसऱ्या टोकाला त्याच कंपनीचे ‘क्वाएट’, ४० ग्रेनची गोळी आणि वेग अवघा २१६ मीटर. आपल्या लेखकाने स्टिंगरच्या जातीची शिफारस केली आहे.

ती का चूक, ते पक्ष्यापासून सुरू करून पाहू. ग्राऊस भरतो अर्धा-पाऊण किलो. मानेत किंवा डोक्यात गोळी लागली तर स्टँडर्ड काडतुसाची १३५ ज्यूलच्या आसपासची शक्ती त्याला गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे. ‘क्वाएट’ची ६० ज्यूलही जवळून पुरते. म्हणजे शक्ती कमी पडण्याचा प्रश्नच येत नाही. अडचण येते ती शक्ती जास्त झाल्यावर. पोकळ टोकाची वेगवान गोळी छातीत लागली की फुलते, फुटते आणि खाण्याजोगे जे काही असते त्याचा काळानिळा लगदा होतो. पिसे आणि हाडांचे तुकडे मांसात घुसतात. .१७ एचएमआरची १७ ग्रेनची टोकदार गोळी तर ३३० ज्यूल घेऊन येते आणि आत गेल्यावर तिच्या चिंधड्याच होतात. मॅग्नमची गतही तीच. ही काडतुसे लांबवरच्या घूस, खार, कोल्ह्यासाठी ठीक. अर्धा-पाऊण किलोच्या पक्ष्याला ती लावणे म्हणजे वांग्याचे भरीत सुरीऐवजी कुऱ्हाडीने करण्यासारखे.

शिवाय गोळी फुटली की शिशाचे बारीक कण जखमेच्या बाहेरही पसरतात, डोळ्यांना दिसत नाहीत आणि ताटात येतात. टाकून दिलेले आतडे-कोथळे खाणाऱ्या गिधाड-गरुडांच्या पोटातही तेच शिसे जाते. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीला पूर्ण बंदी घातली, ती त्यापायी. अशा ठिकाणी तांब्याची किंवा कथलाची गोळी घ्यावी लागते. तांबे शिशापेक्षा हलके, म्हणून सीसीआयची तांब्याची गोळी २१ ग्रेनचीच आहे आणि निघते ५६० मीटरच्या वेगाने. हलकी गोळी हवेत लवकर दमते आणि प्रत्येक नळीला ती मानवतेच असे नाही. .२२ च्या नळीतले पीळ (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचा) बहुतेक १६ इंचांत एक फेरा या मापाचे असतात. ते ४० ग्रेनच्या शिशाच्या गोळीसाठी बेतलेले आहेत. शिसेविरहित गोळी वापरणे बंधनकारक असेल तिथे चार प्रकार आणून कागदावर पाहणे एवढाच मार्ग उरतो.

मग घ्यावे काय? मानेवर किंवा डोक्यावरच नेम धरायचा असेल तर स्टँडर्ड व्हेलॉसिटीची, ४० ग्रेनची, गोल टोकाची भरीव गोळी. ती न फुटता आरपार जाते आणि नासाडी करत नाही. छातीवर लागण्याची शक्यता राहत असेल, पक्षी झुडपात अर्धवट दिसत असेल, तर चपट्या टोकाची भरीव गोळी. सीसीआयची ‘स्मॉल गेम बुलेट’ या नावाची ४० ग्रेनची गोळी याच कामासाठी बनवली आहे. गोल टोक मऊ अंगातून सुई गेल्यासारखे निघून जाते आणि घायाळ पक्षी उडून दूर झुडपात मरतो. चपटे टोक तिथल्या तिथे धक्का देते, पण पोकळ टोकासारखे मांस फाडत नाही. आमचे मत विचाराल तर छातीवर रायफल चालवूच नये. मान दिसेपर्यंत थांबावे, नाही दिसली तर पक्षी जाऊ द्यावा.

वेगवान काडतुसाचा दुसरा तोटा शिकारी मंडळींना सहसा पटत नाही. ध्वनीचा वेग २० अंश तापमानाला सेकंदाला ३४३ मीटर असतो. ३८० मीटरने निघालेली गोळी काही अंतरावर ध्वनीच्या वेगाखाली येते आणि ती सीमा ओलांडताना तिला हादरे बसतात. स्टँडर्ड काडतुसाची गोळी नळीतूनच त्या वेगाखाली निघते, म्हणून तिचा प्रवास शांत. आडव्या वाऱ्यात तर हाय व्हेलॉसिटी गोळी उलट जास्त सरकते. ध्वनीच्या वेगाच्या जवळपास हवेचा अडथळा एकदम वाढतो, गोळीचा वेग सुरुवातीलाच भराभर उतरतो, आणि जितका वेग गमावला तितके वाऱ्याचे फावते. पन्नास मीटरवर नेमबाजी करणारा कुणीही खेळाडू वेगवान काडतूस घेत नाही. २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनची (पालथे झोपून मारायच्या प्रकाराची) जगज्जेती ठरलेल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेणारे कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे, दोघांचाही हा खेळ .२२ लाँग रायफलचा. त्या कागदावरचे दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते. तिथे ध्वनीच्या वेगाच्या आतला, भरीव, गोल टोकाचा शिशाचा तुकडाच चालतो. ग्राऊसचे डोके त्या वर्तुळाच्या दुप्पट. मग वेगाचा हव्यास कशासाठी?

थंडीचा मुद्दा मात्र कॅनडावाल्यांनी लक्षात घ्यावा. शून्य अंशाला ध्वनीचा वेग ३३१ मीटरवर उतरतो आणि उणे २० ला ३१९ वर. सांगलीच्या उन्हात निःशंकपणे ध्वनीच्या आत राहणारे काडतूस तिकडच्या बर्फात सीमेवर येऊ शकते. थंडीत दारू मंद जळते, त्यामुळे गोळीचाही वेग थोडा पडतो, पण दोन्ही गोष्टी सारख्याच प्रमाणात पडतील याची खात्री नाही. गोळीवरचे मेणही घट्ट होते. उन्हाळ्यात कागदावर नीट बसवलेली रायफल हिवाळ्यात पुन्हा तपासायची असते, ती या कारणांनी.

काडतुसाच्या निवडीत सर्वांत दुर्लक्षित राहते ती नळीची आवड. एकाच कारखान्याच्या, एकाच नमुन्याच्या दोन रायफली शेजारी ठेवल्या तरी एकीला एक काडतूस मानवते, दुसरीला दुसरे. किमतीवरून याचा अंदाज येत नाही. तपासण्याची रीत अशी: रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून, वारा नसताना, २५ मीटरवर पाच-पाच गोळ्यांचे किमान चार गट घ्यावेत आणि गटातल्या सर्वांत दूरच्या दोन भोकांचे मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर मोजावे. एकच सुंदर गट आला म्हणून हुरळून जाऊ नये, चारांची सरासरी पाहावी. काडतुसाचा प्रकार बदलला की पहिल्या दहा-पंधरा गोळ्या हिशेबात धरू नयेत. नळीत आधीच्या काडतुसाच्या मेणाचा थर असतो, तो नव्या मेणाने भरून यायला तेवढ्या लागतात. इथे घाई करणारे चांगले काडतूस नापास करून मोकळे होतात. नळी दर वेळी घासूनपुसून कोरडी करणाऱ्यांचेही असेच होते. .२२ ला एवढी साफसफाई लागत नाही, चेंबर स्वच्छ ठेवला की पुरे. एखादे काडतूस मानवले तर डबीवरचा लॉट (उत्पादनाची खेप) क्रमांक टिपून ठेवावा आणि शक्य असेल तर त्याच लॉटच्या डब्या घ्याव्यात. नाव तेच आणि लॉट वेगळा असला तर गट दीडपटही होऊ शकतो.

त्या गटावरूनच अंतराची मर्यादा ठरते. पक्ष्याचे डोके दोन सेंटिमीटर धरा. रायफल ५० मीटरवर ३ सेंटिमीटरचा गट देत असेल तर ३३ मीटरच्या पुढे ती डोक्यावर भरवशाची नाही, मग स्कोप (नेमाची दुर्बीण) कितीही महागाचा असो. हा हिशेब टेकवलेल्या रायफलचा. उभ्याने, धाप लागलेली असताना अंतर निम्म्यावर आणावे.

झिरो कुठे करावा, म्हणजे नेम आणि गोळी किती अंतरावर जुळवावीत, यावरही बरीच गल्लत होते. स्कोपची रेषा नळीच्या मध्यापासून साधारण ३.८ सेंटिमीटर वर असते. स्टँडर्ड काडतूस २५ मीटरवर झिरो केले तर २० पासून ४० मीटरपर्यंत गोळी नेमाच्या सेंटिमीटरभर आत राहते आणि ५० मीटरवर अडीच सेंटिमीटर खाली जाते. डोक्यावरच्या नेमाला हाच झिरो सोयीचा. ५० मीटरवर झिरो केला तर २५ मीटरवर गोळी सव्वा सेंटिमीटर वर लागते, म्हणजे नेमके जिथे बहुतेक पक्षी मिळतात तिथे ती डोक्यावरून निघून जाते. पण खरी फसगत होते ती अगदी जवळ. ग्राऊस माणसाला फारसा भीत नाही, पाच-सहा मीटरवर फांदीवर बसून राहतो. तिथे गोळी अजून स्कोपच्या रेषेपर्यंत वर चढलेलीच नसते, ती अडीच सेंटिमीटर खाली लागते. डोक्यावर धरलेला नेम मानेखाली उतरतो किंवा पूर्ण चुकतो आणि शिकारी काडतुसाला शिव्या देतो. इतक्या जवळ नेम डोक्याच्या वर धरावा लागतो, हे आधी कागदावर पाच, दहा, पंधरा मीटरवर मारून पाहिल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. ‘क्वाएट’सारखे मंद काडतूस २५ मीटरवर झिरो केले तर ५० मीटरवर तब्बल १० सेंटिमीटर खाली जाते. ते तीस मीटरच्या आतलेच हत्यार.

काही जण .२२ मध्ये छऱ्याचे काडतूस मागतात. त्यात १२ नंबरचे, म्हणजे सव्वा मिलिमीटरचे बारीक छरे असतात. रायफलच्या नळीतल्या पिळांमुळे ते गोल फिरत बाहेर पडतात आणि फेकले जातात, मधोमध भोक राहते. तीन मीटरवर उंदीर-साप यांच्यासाठी ते ठीक, पक्ष्यासाठी निरुपयोगी. उडत्या पक्ष्यावर एक गोळीची रायफल तर कधीच चालवू नये. त्यासाठी बारा बोअर आहे.

काडतूस आणि बंदूक यांची जोडीही जुळावी लागते. सेमी-ऑटोमॅटिक (पुढचे काडतूस आपोआप भरणाऱ्या) रायफलीचा बोल्ट ध्वनीच्या आतले मंद काडतूस अनेकदा पुरेसा मागे ढकलत नाही; पुंगळी अडकते. मंद काडतूस वापरायचे तर हाताने बोल्ट ओढायची रायफल बरी. स्टिंगरची पुंगळी नेहमीपेक्षा दोन-अडीच मिलिमीटर लांब आहे. स्पर्धेच्या रायफलीच्या घट्ट चेंबरमध्ये ती घालू नये. लाँग रायफलच्या चेंबरमधून शॉर्ट मारता येते, पण वर्षानुवर्षे मारली तर पुंगळी संपते तिथे चेंबरमध्ये जळकी कडी तयार होते आणि मग लांब पुंगळ्या चिकटू लागतात. मॅग्नमच्या चेंबरमध्ये लाँग रायफल मात्र चुकूनही घालू नये. चेंबर रुंद असल्याने पुंगळी फुगून फाटते आणि जळता वायू मागे, तोंडाच्या दिशेने येतो. बार नेहमीपेक्षा मऊ, ‘फुस्स’ असा वाजला तर दुसरा मारण्याआधी बंदूक रिकामी करून नळीतून उजेड दिसतो का पाहावे. गोळी आत अडकलेली असेल तर पुढच्या गोळीने नळी फुगते, ती कायमची गेली.

साठवणीबद्दल थोडक्यात. मेच्या उन्हात गाडीत ठेवलेल्या काडतुसांचे मेण वितळून पुंगळीच्या तोंडाशी जाते. पाटण-महाबळेश्वरच्या पावसाळी दमटपणात पितळ हिरवे पडते. काडतुसांना तेल कधी लावू नये. पातळ तेल गोळीच्या टाचेशी असलेल्या फटीतून आत झिरपते आणि काडतूस फुसके करते. फुसकी आणि जुनाट काडतुसे कचऱ्यात, विहिरीत किंवा चुलीत टाकू नयेत, परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करावीत. हिशेब परवान्यावरच्या नोंदीशी जुळावा लागतो, हे वेगळे सांगायला नको.

आता त्या दीडशे मीटरच्या विधानाकडे. दीडशे मीटरवर स्टँडर्ड .२२ च्या गोळीत ९० ज्यूलच्या आसपास शक्ती शिल्लक असते. आपल्याकडे परवान्याशिवाय मिळणाऱ्या एअर रायफलची नळीच्या तोंडाशी असलेली कमाल शक्ती २० ज्यूल. म्हणजे ‘निकामी’ झालेली ही गोळी एअर रायफलच्या चौपटीहून जोरदार असते. नळी वर करून मारली तर ती सुमारे २.४ किलोमीटर जाते; काडतुसांच्या डबीवर दीड मैलाचा इशारा छापलेला असतो तो याचसाठी. झाडावरच्या पक्ष्यावर खालून चालवलेली प्रत्येक चुकलेली गोळी याच वाटेने जाते. म्हणून फांदीवरच्या पक्ष्यामागे जाड खोड किंवा टेकडी नसेल तर जाणता शिकारी चाप ओढत नाही. भरीव गोल गोळीचा एक दोष इथे मान्य केला पाहिजे. पाणी, दगड, गोठलेली जमीन यांवरून ती पोकळ गोळीपेक्षा जास्त उसळते. पोकळ गोळी आपटून फुटते तरी. तेव्हा वर शिफारस केलेले काडतूस वापरणाऱ्याने गोळीमागे माती आहे ना, हे दुप्पट काळजीने पाहावे.

आपल्या वाचकांना हे कशाला, असे कुणी म्हणेल. ज्वारी हुरड्याला आली की पाखरे हाकायला माळ्यावर उभे राहून गोफण फिरवण्याची आपली रीत आहे. पिकाच्या राखणीसाठी शस्त्रपरवाना असलेले शेतकरीही दोन्ही जिल्ह्यांत आहेत. त्यांतला कुणी लेख वाचून ‘दीडशे मीटरनंतर काही होत नाही’ म्हणत .२२ आभाळात उडवू लागला तर? बारा बोअरचे सहा नंबरचे छरे सव्वादोनशे-अडीचशे मीटरवर पडतात. .२२ ची एकच गोळी दोन वाड्या ओलांडून जाते. आपल्याकडे ऊसतोडीच्या हंगामात फडात कुठे टोळी वाकून काम करत असेल आणि कुठे खोपटी असतील, हे बांधावरून दिसत नाही. मिरवणुकीत, लग्नात बार काढणाऱ्यांसाठी तर २०१९ च्या शस्त्र कायदा दुरुस्तीने २ वर्षांपर्यंत कैदेची किंवा १ लाखापर्यंत दंडाची किंवा दोन्हींची तरतूद केली आहे. पाखरांना फटाका, डबा, बुजगावणे आणि गोफण पुरेशी आहे. तासगावकडच्या द्राक्षबागायतदारांनी जाळीचा उपाय केव्हाच अंगीकारला आहे.

पुढच्या रविवारी पुरवणीत निदान एवढी दुरुस्ती छापावी, आणि ती मूळ लेखाच्याच पानावर, ठळक चौकटीत असावी: ‘.२२ लाँग रायफलची गोळी सुमारे २.४ किलोमीटर जाऊ शकते. महाराष्ट्रात तित्तर, लावा, होला यांसह कोणत्याही वन्य पक्ष्याची शिकार करणे गुन्हा आहे.’ काडतुसांविषयीची पहिली दोन विधाने जागेअभावी राहिली तरी आमची तक्रार नाही.

आपले विश्वासू,
.२२ रायफलचा सराव करणारे व शिकवणारे काही वाचक,
विटा, जि. सांगली